गहू, आतडे आणि स्वमग्न मूल

नवी मुंबईत एखाद्या तीन-चार वर्षांच्या मुलाला स्वमग्नता, म्हणजे सध्या सर्वत्र ज्याला ऑटिझम म्हणतात तो विकार, असल्याचे निदान झाले, की वाचोपचार, शाळाप्रवेश आणि अपंगत्वाचा दाखला यांच्या चौकशा मार्गी लागण्यापूर्वीच एक प्रश्न बहुधा त्या घरी येऊन थडकतो. आणि तो डॉक्टरांकडून येत नाही, तर उपचारकेंद्राच्या बाकावर शेजारी बसलेल्या दुसऱ्या एखाद्या आईकडून, गावाकडच्या आत्याबाईंकडून किंवा मोबाइलवर फिरत आलेल्या चित्रफितीतून येतो : ‘गहू बंद केलात का?’ वाशीला दिव्यांग मुलांसाठी महानगरपालिकेचे ईटीसी केंद्र आहे, खारघरला बौद्धिक दिव्यांगजनांच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, आणि खाजगी उपचारकेंद्रे तर नेरूळपासून ऐरोलीपर्यंत जागोजाग निघाली आहेत. त्यांपैकी कोठेही आईबापांच्या प्रतीक्षेच्या घटकाभरात हा विषय निघाल्यावाचून राहत नाही.

हा सारा अडाणीपणा आहे असे म्हणून तो झटकून टाकणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. गव्हाचा आणि मुलाच्या वागणुकीचा काही संबंध असावा ही शंका प्रथम घेतली ती भोंदूंनी नव्हे, तर चांगल्या नावाजलेल्या वैद्यांनी, आणि तीही साठ वर्षांहून अधिक काळापूर्वी. मात्र या एका प्रश्नाच्या पोटात दोन अगदी निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत, आणि ते वेगळे न केल्यामुळेच पुष्कळसा गोंधळ माजला आहे. या विशिष्ट मुलाला स्वमग्नतेच्या जोडीने गव्हामुळे होणारा आतड्याचा विकारही आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि गव्हामुळे स्वमग्नता उत्पन्न होते काय व गहू सोडल्याने ती ओसरते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बव्हंशी रक्ताच्या एका तपासणीने मिळू शकते आणि तो आज विचारला जातो त्याहून अधिक वेळा विचारला गेला पाहिजे. दुसऱ्याचे उत्तर, आजवरचा पुरावा पाहता, नकारार्थी आहे. व्यवहारात मात्र दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी गृहीत धरून गहू आधी बंद होतो, आणि पहिला प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

गहू, जव आणि राय या धान्यांत प्रथिनांचा जो एक समूह असतो त्याला ग्लुटेन म्हणतात. कणकेचा चिवटपणा आणि पावाची जाळी ही त्याचीच करणी. त्याच्याशी निगडित विकारांत गव्हाची अॅलर्जी हा एक प्रकार, सीलिअॅक रोग हा दुसरा, आणि सीलिअॅक नसताही ग्लुटेन न मानवणे हा तिसरा, काहीसा संदिग्ध प्रकार येतो. यांत खरा वजनदार तो सीलिअॅक रोग. १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युएल गी यांनी त्याचे वर्णन केले आणि बरे व्हायचे तर ते आहारानेच होईल असेही बजावले. परंतु आहारातले नेमके काय, हे त्यांना उमगले नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे सिडने हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवले, मुले सुधारली, आणि श्रेय गेले केळ्यांना. वस्तुतः केळ्यांच्या निमित्ताने ताटातून पाव गेला होता, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. (उपाय खरा आणि कारण खोटे असे प्रकरण वैद्यकात अपूर्व नाही, पुढे याच विषयात त्याच्या उलट प्रकारही आपणांस पाहावयाचा आहे.) १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा हेगच्या बालरुग्णालयातील विलेम डिके यांना आढळले, की इतर मुले उपासमारीने खंगत असता सीलिअॅकची मुले उलट सुधारत आहेत, आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडत आहेत. गव्हाविषयीचा संशय त्यांना युद्धापूर्वीपासूनच होता. १९५० मध्ये त्यांनी तो प्रबंधरूपाने सिद्ध केला. ग्लुटेनमुळे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच आतड्यावर चाल करते, आतड्याच्या आतील अस्तर सपाट होते, आणि खाल्लेले अंगी लागत नाही. १९९७ मध्ये या चालीचे लक्ष्य असलेले टीटीजी हे प्रथिन सापडले, आणि तेव्हापासून टीटीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी हे निदानाचे पहिले साधन झाले.

येथे एक गोष्ट विशेष नोंदवण्याजोगी आहे. उपचार न झालेले सीलिअॅकचे लहान मूल केवळ पोट फुगलेले आणि हातपाय काडीसारखे असे नसते. ते चिडचिडे, रडवे, कोणाशी न बोलणारे, स्वतःतच गढलेलेही असू शकते, आणि आहार सुरू झाला की पुष्कळदा वजन वाढण्याच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावर हसू दिसते. ज्या हान्स आस्परगर यांचे नाव स्वमग्नतेच्या एका प्रकाराला पुढे दिले गेले, त्यांनीच १९६१ मध्ये सीलिअॅकच्या मुलांच्या मनोविकृतींवर निबंध लिहावा हा योगायोग नव्हता. दोन्ही चित्रे दुरून सारखी दिसतात, आणि संशयाचे बी तेथेच पडले.

भारतात सीलिअॅक हा फार काळ गोऱ्यांचा रोग समजला जाई. तो समज आता टिकत नाही. दिल्लीच्या परिसरात गोविंद मखारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे शंभर माणसांत एकास तो आढळला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेवीस हजारांहून अधिक प्रौढांच्या दुसऱ्या पाहणीत हरियाणात हे प्रमाण १.२३ टक्के, आसामात ०.८७ टक्के आणि तमिळनाडूत अवघे ०.१० टक्के निघाले. या रोगाला पोषक असणारी जनुके मात्र तिन्ही प्रदेशांत जवळजवळ सारख्याच प्रमाणात, म्हणजे तीन माणसांत सुमारे एकाजवळ, होती. मोठा फरक होता तो गव्हाच्या खपात. उत्तरेत दररोज ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत २५.

त्या पाहणीच्या नकाशावर महाराष्ट्र नाही. परंतु तिच्या निष्कर्षाचा आपल्या मुलखाशी असणारा संबंध उघड आहे, आणि नवी मुंबई तर या बाबतीत मोठे उद्बोधक ठिकाण आहे. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन येथील जमिनी संपादित होऊ लागल्या, त्यापूर्वी या खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांचे अन्न म्हणजे भात, तांदळाची भाकरी आणि मासळी. घाटावरून जे लोक येथे वस्तीला आले ते ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर पोसलेले. गहू हे सणावारी पुरणपोळीचे धान्य होते. रेशनच्या दुकानांनी, पीएल-४८० च्या करारान्वये अमेरिकेतून आलेल्या बोटींनी आणि त्यानंतरच्या हरितक्रांतीने त्याला रोजच्या डब्यात आणून बसवले. आज तुर्भ्याच्या दाणाबाजारात उतरणारा गहू, आणि त्याच्यामागून आलेले पाव, बिस्किटे व नूडल्स यांवाचून मुलांचा दिवस जात नाही. शिवाय या शहरात पंजाब, हरियाणा, राजस्थानातून आलेली कुटुंबेही पुष्कळ आहेत. सबब, येथे सीलिअॅक दुर्मीळच असणार असे गृहीत धरून चालणाऱ्या डॉक्टराने ते गृहीतक एकदा तपासून पाहावे हे बरे.

स्वमग्नतेच्या बाबतीतही आकडे तुटपुंजे असले तरी अगदीच नाहीत असे नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातील पाच ठिकाणची दोन ते नऊ वर्षांची सुमारे चार हजार मुले तपासली गेली. त्या पाचांत आपला उत्तर गोवा जिल्हा होता. स्वमग्नतेचे प्रमाण तीत स्थूलमानाने शंभरात एकाच्या आसपास आले. आता शंभरात एक असा एक विकार आणि त्याच्याच तोडीचा दुसरा विकार कोट्यवधींच्या लोकसंख्येत नांदत असतील, तर दोन्ही असलेली काही हजार मुले निव्वळ योगायोगानेही सापडणारच. एखाद्या मुलाच्या बाबतीत दोन्ही आढळले म्हणून एकाने दुसरे घडवले असे सिद्ध होत नाही. आणि योगायोगाने का होईना, दोन्ही आढळले तर दुसऱ्याचा उपचार चुकवणे क्षम्यही ठरत नाही.

आता सिद्धान्तांकडे वळू. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ज्या अकरा मुलांवरून स्वमग्नतेचे पहिले वर्णन केले, त्यांतील कित्येकांच्या तान्हेपणी अन्न घेण्याच्या तक्रारी होत्याच. १९६६ मध्ये डोहन या अमेरिकी वैद्याने युद्धकाळात गव्हाचा खप घटलेल्या देशांत स्किझोफ्रेनियाचे रुग्णालयप्रवेशही घटले असे दाखवून धान्य आणि मन यांची सांगड घातली. १९७९ मध्ये याक पांकसेप यांनी स्वमग्न मुलाच्या मेंदूत अफूसदृश द्रव्यांचा अतिरेक असावा अशी कल्पना मांडली. आणि नॉर्वेच्या कार्ल रायखेल्ट यांनी तिला अन्नाशी जोडले : ग्लुटेन व दुधातील केसीन यांचे अर्धवट पचन होऊन अफूसारखी पेप्टाइडे तयार होतात, झिरपत्या आतड्यातून ती रक्तात उतरतात आणि मेंदूपर्यंत पोहोचतात. कल्पना मोठी सुबक होती; एका दमात आतडे, आहार आणि वागणूक या तिन्हींचा उलगडा करणारी. परंतु पुढे इंग्लंडात अधिक काटेकोर साधनांनी मुलांचे मूत्र तपासले गेले (२००८), तेव्हा ती पेप्टाइडे स्वमग्न मुलांत सापडलीच नाहीत. मध्यंतरी १९९८ मध्ये अँड्रयू वेकफील्ड यांनी गोवराच्या लशीशी व आतड्याच्या दाहाशी स्वमग्नतेचा संबंध जोडणारा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापला, तो २०१० मध्ये परत घेण्यात आला आणि त्यांचा वैद्यकीचा परवानाही गेला. या प्रकरणाने आतड्याच्या संशोधनाचे केलेले नुकसान फारसे कोणी मोजत नाही : स्वमग्न मुलाचे पोट खरोखर दुखत असेल असे म्हणणाऱ्या सज्जन संशोधकाकडेही त्यानंतर लोक संशयाने पाहू लागले.

प्रत्यक्ष आहाराच्या चाचण्यांची कैफियत अशी. नॉर्वेतील वीस मुलांच्या चाचणीत (२००२) आणि डेन्मार्कमधील बहात्तर मुलांच्या चाचणीत (२०१०) गहू व दूध वगळलेल्या मुलांत सुधारणा दिसली. इराणमधील एका चाचणीतही (२०१६) पोटाच्या तक्रारी व वर्तन सुधारल्याचे नोंदले गेले. परंतु या तिन्हींत मूल काय खात आहे हे आईबापांस ठाऊक होते, आणि वागणुकीच्या नोंदीत त्यांच्याच सांगण्याला मोठे वजन होते. ज्या चाचण्यांत ही माहिती सर्वांपासून किंवा निदान वागणूक मोजणाऱ्यांपासून तरी लपवून ठेवण्यात आली, त्यांचा निकाल वेगळा लागला. फ्लॉरिडातील पंधरा मुलांच्या चाचणीत (२००६) फरक दिसला नाही. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे (२०१६) चौदा मुलांना आधी कित्येक आठवडे ग्लुटेन-केसीनमुक्त आहारावर ठेवून मग ओळखू न येणाऱ्या खाऊतून कधी ग्लुटेन, कधी केसीन, कधी दोन्ही, कधी काहीच नाही असे देण्यात आले. झोप, शौच, वर्तन, कशातही फरक नाही. वॉर्सात सहासष्ट मुलांपैकी निम्म्यांना सहा महिने ग्लुटेनमुक्त व निम्म्यांना ग्लुटेनयुक्त आहार दिला (२०२०). तेथेही दोन्ही गट सारखेच राहिले. चाचण्या लहान आहेत हा आक्षेप खरा आहे. पण नोंद जितकी निःपक्षपाती तितका परिणाम क्षीण, ही चढती-उतरती रेघ ज्याला दिसत नाही त्याला ती पाहायची नाही असेच म्हणावे लागेल.

आईबाप खोटे बोलतात असा याचा अर्थ नव्हे. १९९८ मध्ये सिक्रेटिन नावाच्या आतड्यातील संप्रेरकाची एक सुई टोचून तीन स्वमग्न मुले सुधारल्याचे वृत्त अमेरिकेत पसरले आणि हजारो मुलांना ती टोचली गेली. पुढच्याच वर्षी साठ मुलांवरील चाचणीत असे दिसले, की सिक्रेटिन दिलेली आणि निव्वळ मिठाचे पाणी दिलेली, दोन्ही मुले सारखीच सुधारली होती. निकाल सांगितल्यावरही त्यांतील बहुसंख्य पालकांना सिक्रेटिनमध्ये रस उरलाच होता. स्वमग्न मूल वाढत्या वयाबरोबर काही ना काही शिकतच असते. ज्या महिन्यात घरातून गहू गेला त्याच महिन्यात नवी शाळा, नवी थेरपी आणि आईचे अधिक बारीक लक्षही आलेले असते. आणि एवढ्या कष्टाने, एवढ्या खर्चाने चालवलेला उपाय निष्फळ आहे असे मानणे कोणत्याही माणसाला जड जाते.

लोकसंख्येच्या पातळीवरचा सर्वांत भक्कम दस्तऐवज स्वीडनचा आहे. तेथे प्रत्येक आतड्याच्या तुकड्याची तपासणी दफ्तरात नोंदली जात असल्यामुळे, २०१३ मध्ये लुडविगसन व त्यांच्या सहकाऱ्यांना जवळजवळ सत्तावीस हजार सीलिअॅक रुग्णांचा तपशील मिळाला. सीलिअॅकचे निदान होण्यापूर्वी स्वमग्नतेची नोंद असण्याचे प्रमाण या रुग्णांत इतर लोकांइतकेच होते. परंतु ज्या लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे होती आणि आतड्याचे अस्तर मात्र शाबूत होते, अशा सुमारे ३,७०० जणांत ते चौपटीहून अधिक निघाले. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातील एका लहान अभ्यासात स्वमग्न मुलांत ग्लायडिन या ग्लुटेनमधील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे वाढलेली आढळली, विशेषतः पोटाच्या तक्रारी असणाऱ्यांत; सीलिअॅकच्या खुणांशी मात्र त्यांचा मेळ बसला नाही. याचा एक अर्थ असा, की काही मुलांत आतड्याची भिंत अधिक झिरपती असेल आणि म्हणून शरीर गव्हाविरुद्ध प्रतिपिंडे बनवत असेल, रोग न होताही. दुसरा अर्थ अधिक रोखठोक आहे : स्वमग्न मुलांच्या पोटाच्या तक्रारींमुळे त्यांची तपासणीच अधिक होते, म्हणून सापडतेही अधिक. माझा कल दुसऱ्याकडे झुकतो. पण पहिल्याचा मार्ग बंद झालेला नाही, आणि या विषयात खरे काही हाती लागायचे असेल तर ते त्याच अरुंद वाटेने लागेल.

पोटाच्या तक्रारी मात्र खऱ्या आहेत. २०१४ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित गणित मांडले गेले, त्यात स्वमग्न मुलांत बद्धकोष्ठ, जुलाब, पोटदुखी यांचे प्रमाण इतर मुलांच्या सुमारे चौपट निघाले. जे मूल बोलत नाही, ते पोट दुखते असे कसे सांगणार? ते पलंगाच्या कडेवर पोट दाबून पडते, रात्री उठून किंचाळते, भिंतीवर डोके आपटते. आणि घरातले लोक, कधी कधी डॉक्टरही, हे ‘ऑटिझमचेच वागणे’ म्हणून खाती टाकतात. अशा मुलाची वाढ खुंटली असेल, रक्त लोह देऊनही वाढत नसेल, जुलाब वा हट्टी बद्धकोष्ठ असेल, भावंडाला वा आईबापांपैकी कोणाला सीलिअॅक असेल, तर टीटीजी प्रतिपिंडांची आणि तीसोबत एकूण आयजीएची तपासणी झालीच पाहिजे. आणि ती मूल गहू खात असतानाच झाली पाहिजे. सर्व अनर्थाचे मूळ येथे आहे. गहू सहा महिने बंद ठेवून मग तपासणी केली तर प्रतिपिंडे उतरलेली असतात, आतडे भरून आलेले असते आणि अहवाल निर्दोष येतो; मग खरे काय ते कळण्यासाठी मुलाला पुन्हा कित्येक आठवडे मुद्दाम गहू खाऊ घालावा लागतो, आणि ज्या आईने गहू म्हणजे विष असे मनाशी धरले आहे तिला त्यासाठी राजी करणे किती कठीण, हे बालरोगतज्ज्ञांना विचारावे. निदान पक्के झाले तर पथ्य जन्मभराचे आणि कडक असते. नसेल तर त्याची गरजच नसते. या दोहोंच्या मध्ये लोंबकळणारे, घरी पाळलेले आणि वाढदिवसाच्या केकापुढे मोडलेले पथ्य सर्वांत वाईट.

पथ्याचा जमाखर्चही मांडला पाहिजे. स्वमग्न मूल पुष्कळदा मोजके चार-पाचच पदार्थ खाते. अमुकच आकाराची पोळी, अमुकच पुड्यातले बिस्किट. त्यांतले गव्हाचे काढून घेतले तर ताटात उरते काय? त्यातच ‘दूधही बंद’ हा सल्ला जोडून येतो. अशा मुलांच्या आहारात कॅल्शियम आणि प्रथिने मुळातच कमी पडतात असे दिसले आहे, आणि अमेरिकेत २००८ च्या एका अभ्यासात केसीनमुक्त आहारावरील स्वमग्न मुलग्यांची हाडे इतरांहून पातळ आढळली.

हे खरे, की हे पथ्य पाळणे मराठी घराला जेवढे सोपे आहे तेवढे लंडन-न्यूयॉर्कच्या घराला नाही. तेथे महागडा ग्लुटेनमुक्त पाव विकत आणावा लागतो. आपल्याकडे तांदळाची, ज्वारीची, नाचणीची भाकरी आहे, घावन आहे, आणि एकादशीचे सगळे सामान, साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, मुळातच ग्लुटेनमुक्त आहे. परंतु फसगतीच्या जागाही आपल्याच आहेत. कोपऱ्यावरच्या गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाल्यावर त्याच जात्यात आपली ज्वारी पडते. ग्लुटेनमुक्त म्हणवण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घातलेली मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमची आहे, आणि ती ओलांडायला एवढे पुरते. बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. सातूचे पीठ, कुरडया, शेवया ही गव्हाचीच प्रजा. आणि अलीकडे सांगली-साताऱ्याकडच्या खपली गव्हाची जी तारीफ चालते, की तो जुना, देशी, म्हणून निर्धोक, तिच्यावर तर मुळीच विसंबू नये : खपली चवीला उत्तम असेल, पण तो गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, आणि सीलिअॅकच्या मुलाला तो तितकाच वर्ज्य आहे.

स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी ग्लुटेनमुक्त वा केसीनमुक्त आहार वापरू नये, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्येच स्पष्ट लिहिले. तरीही सीलिअॅकची तपासणी नकारार्थी आल्यावर एखाद्या कुटुंबाने आपल्या समाधानासाठी गहू सोडून पाहायचा ठरवलाच, तर त्यांना दटावून हाकलण्यापेक्षा त्या प्रयोगाला शिस्त लावून देणे अधिक हिताचे. दूध चालू ठेवावे, आहारतज्ज्ञाकडून वजन-उंचीची नोंद होत राहावी, तीन महिन्यांची मुदत आधीच ठरवावी, त्या काळात दुसरी कोणतीही नवी थेरपी किंवा औषध सुरू करू नये, आणि मुलाच्या वागण्याची टिपणे शाळेतल्या अशा बाईंनी ठेवावीत ज्यांना घरी काय चालले आहे याची वार्ता नाही. मुदत संपल्यावर त्या टिपणांत फरक दिसत नसेल, तर दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या डब्यात पोळी पुन्हा द्यावी.